तोंड झाकणारा हार

झेंडू बाजारात आला की माझं डोकं तापतं. फुलाचा यात काही दोष नाही. माझं माहेर माळ्याचं. वलगावजवळच्या आमच्या वावरात झेंडू आणि शेवंती माझ्या वडिलांच्याही आधीपासून होती, आणि मी चालायला शिकले ती त्याच ओळींमधून. नवरात्राच्या सुमारास पाऊस मागे सरतो, ऊन पुन्हा टोचायला लागतं, शेजारच्या शिवारात सोयाबीनच्या मळणीचा धुरळा उठतो, आणि ओल्या बारदान्यात बांधलेल्या झेंडूचा तो कडसर, हिरवट वास दारात येऊन बसतो. लहानपणी हा वास म्हणजे दसरा होता. पिवळी पडलेली बोटं, आईची लांब सुई, केळीच्या सोपटाचा दोरा, अंगणभर फुलांचे ढीग. आता तोच वास आला की मला एक सभा आठवते, आणि मग दिवसभर मी भांडी आपटत फिरते.

काल सकाळी गजूचा फोन आला. गजू म्हणजे माझा धाकटा भाऊ, वावर आता तोच पाहतो.

"ताई, सभेची ऑर्डर आली."

"कोणती सभा?"

"तेच ना, मनाच्या आरोग्यावाली. दरवर्षीची. यंदा हार जास्त सांगतले त्यायनं. पाहुणे वाढले म्हणते."

मनाच्या आरोग्यावरची सभा, आणि वाढलं काय, तर पाहुणे. मी फोन ठेवला आणि चहा उकळून उकळून आटला तरी तिथंच उभी राहिले. गजूला काय बोलणार? त्याचा तो धंदा आहे, आणि त्याला आपल्या हारांचा अभिमानही आहे. अमरावतीत त्याच्यासारखा भरगच्च हार कुणी करत नाही. गळ्यात घातला की पाहुण्याचं नाक तेवढं वर राहतं, तोंड फुलांत बुडतं. फोटो काढणारा ओरडतो, "साहेब, हार जरा खाली," आणि साहेब दोन्ही हातांनी हार खाली दाबून हसतात. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की डोळे मिटूनही मला ते दिसतं.

त्या वर्षी झेंडू उदंड आला होता, आणि माझ्या वरच्या खोलीत फुलवंती राहत होती.

ती आली होती त्याच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात. मी शाळेतून निवृत्त झालेली, घरात एकटी, वरची खोली रिकामी. बाहेर पाटी लावली होती, 'फक्त मुलींसाठी'. दुपारी फाटकाची कडी वाजली. बाहेर एक सावळी, अंगानं काटक पोरगी, डोक्यावर ओढणी, घामानं निथळलेली. मी फाटक उघडायच्या आत तिनं सांगून टाकलं, "काकू, मी मेळघाटची हाय. कोरकू हाय. नर्सिंगले शिकते. आधीच सांगते, म्हणजे तुमाले नाई म्हणाचं असन तर आताच म्हणा. जिना चढून खोली पाह्यल्यावर नाई म्हणते लोक, मंग लय ऊन लागते."

मी तिला आत बोलावलं आणि आधी पाणी दिलं. पाणी पिता पिता तिनं मला त्या आठवड्यात पाहिलेल्या खोल्यांची हकिकत सांगितली, हसत हसत. एकीकडे आडनाव ऐकल्यावर खोली 'कालच गेली' होती. दुसरीकडे मालकीणबाईंनी विचारलं होतं, "तुमच्यात मोर खातात ना?" माझी काही मोठी थोरवी नाही की मी तिला खोली दिली. रिकाम्या खोलीचं दुसरं काय करतात? पण गल्लीत मात्र मला महिनाभर 'मोठ्या मनाची' म्हणत होते, आणि त्या कौतुकाचा मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. एका मुलीला भाड्यानं खोली दिली, यात मन मोठं लागतं कशाला?

आपल्याकडं जात विचारायची एक सभ्य रीत आहे. आधी आडनाव विचारायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर गाव. गावानंही कळलं नाही तर "तुमच्याकडं लग्नात काय काय करता?" एवढं सगळं विचारून झाल्यावर "आम्ही नाही हो असलं काही मानत." कुठल्या दूरच्या देशात कुणाला कातडीच्या रंगावरून छळल्याची बातमी आली की आपण टीव्हीसमोर बसून चुकचुकतो. काय ती माणसं, म्हणतो. मग टीव्ही बंद करून पुतण्यासाठी मुलगी बघायला निघतो, आणि परत येताना गाडीत बोलतो ते एवढंच की मुलगी चांगली आहे, जरा रंगानं कमी आहे. रंगानं कमी! पगारात कमी, मापात कमी, तसं. मला स्वतःला लहानपणी बाजारात 'ए काळे, शेवंती कशी दिली?' असं विचारणारी माणसं होती. आई फुलं मोजत राहायची, मान वर करायची नाही. तेव्हा मला वाटायचं आईला ऐकू येत नाही.

रविवारी फुलवंती माझ्याबरोबर वावरात यायची. झेंडूच्या दिवसांत गजूला हात कमीच पडतात. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाखाली बारदाना अंथरून आम्ही बायका ओवायला बसायचो. गजूची बायको, शेजारच्या वावरातल्या दोघी, मी आणि फुलवंती. ओवण्याच्या कामाची एक गंमत आहे. नजर सुईवर ठेवावी लागते. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नाही, आणि म्हणूनच की काय, माणूस बोलतो. आमच्या माहेरी बायकांची सगळी दुखणी, सासरची गाऱ्हाणी, पडलेली पोटं, नवऱ्याची दारू, हे सगळं ओवतानाच बाहेर पडायचं. ऐकणारीनं फक्त पुढचं फूल घ्यायचं असतं. मध्येच 'अगंबाई' केलं की बोलणारी गप्प होते.

तिथंच तिनं वर्गातलं सांगितलं. सुईत फूल घालता घालता, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगते आहे अशा आवाजात.

"कुपोषणाचा धडा आला का मॅडम मले उभी करते. म्हणे, ही पाहा, ही तिकडचीच हाय, इले सगळं माहीत. मंग पोरी मागं वळून पाह्यते. मी काय सांगू? आमच्या घरी गाई हाय, कोंबड्या हाय. माह्या घरी कोणी उपाशी नाई मेलं. तसं सांगतलं तर मॅडम म्हणे, लाजू नको."

गजूच्या बायकोनं पुढचं फूल घेतलं.

"डब्यात भाजी कोणती हाय ते वाकून पाह्यते. आमच्या बोलीत बोलून दाखव म्हणते. बोललं का हासते. स्नेहसंमेलनात नाच म्हणते, पण नाटकात घेत नाई. म्हणे, तुह्या तोंडी शुद्ध मराठी बसत नाई." सुईत पुढचं फूल घालत ती म्हणाली, "रोज एवढं एवढंच असते काकू. भांडाले जावं एवढं मोठं काहीच नसते."

हे मी विसरू शकत नाही. भांडायला जावं एवढं मोठं काहीच नसतं, आणि माणूस रोज थोडा थोडा कमी होत जातो.

माझ्या घराच्या गच्चीवर फोनला रेंज चांगली येते. फुलवंती संध्याकाळी तिथं उभी राहून आईशी कोरकूत बोलायची. मला त्यातला एक शब्द कळत नसे, पण तिचं हसणं कळायचं. इतकी बोलायची की खालून मी ओरडायचे, "अगं, आईला जेवू दे!" आणि ती वरून, "तेच विचारून राहिली काकू, जेवली का म्हणून!" ऑक्टोबरच्या उन्हानं भिंती तापायला लागल्या आणि गच्चीवरचा तो आवाज हळूहळू बंद झाला. आधी फोन छोटे झाले. मग ती फोन उचलेना. डबा तसाच परत यायला लागला. सकाळी डोळे सुजलेले, आंघोळ करून पुन्हा गादीवर. रविवारी 'येत नाही' म्हणाली. समोरच्या काकूंना मी काळजीनं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ते लोक अबोलच असतात हो. जंगलातले ना."

माझ्या डोक्यावर चढून वर्षभर बडबडणारी ती पोरगी त्यांच्या लेखी अबोल होती. कारण त्यांच्याशी ती बोलली नव्हती, आणि तिच्याशी त्या बोलल्या नव्हत्या.

एक दिवस बघते तर बॅग भरलेली. "काकू, मी गावी जाते." शेवटचं वर्ष, परीक्षा तोंडावर. मी म्हटलं, थोडी थांब, पास हो, मग कुठंही जा. तर म्हणाली, "पास होऊन काय करू? नर्स झाली तरी पेशंट पहिले माहं आडनाव वाचन." आणि मग भिंतीकडं तोंड करून, मला ऐकू येईल न येईल असं, "झोपून उठूच नये असं वाटते." मी तिची बॅग उचलून माझ्या खोलीत नेऊन ठेवली, त्या दिवसापासून तिला खाली माझ्याजवळच झोपवायला लागले, आणि डॉक्टरची चौकशी केली.

आता अमरावतीत मनाचे डॉक्टर नाहीत का? आहेत की, चांगले आहेत. पण आमच्या इकडची एक अजब रीत आहे. अमरावतीची माणसं या दुखण्यासाठी अकोल्याला जातात आणि अकोल्याची अमरावतीला येतात. कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. मीही तेच केलं. फुलवंतीला विचारलं तर ती म्हणाली, "इथं वर्गातल्या पोरींची ड्यूटी असते दवाखान्यात." तेव्हा बडनेरा, मूर्तिजापूर करत आमची एसटी अकोल्याला निघाली. दोन्ही बाजूंना सोयाबीन कापून मोकळी झालेली काळी रानं, मध्येच कपाशीची पहिली बोंडं उकललेली. तिनं वाटेत एकदाही बाहेर पाहिलं नाही.

आणि त्या अकोल्याच्या दवाखान्यात काय पाहावं? अर्धी अमरावती तिथं बसलेली. आमच्या शाळेतल्या शिपायाची बहीण. कापड दुकानवाले. एक माजी विद्यार्थी. प्रत्येकजण मोबाइलमध्ये डोकं घालून, कुणी कुणाला ओळखत नव्हतं. एवढ्या लांब तिकीट काढून येऊन आपलं गावच तिथं भेटलं, आणि गावानं गावाला ओळख दाखवली नाही. दुसरा कुठला प्रसंग असता तर मी पोट धरून हसले असते.

कोपऱ्यातल्या बाकावर वर्तमानपत्र पूर्ण उघडून एक गृहस्थ बसले होते. त्यांचे बूट मी ओळखले, कारण दर सभेत ते बूट व्यासपीठावर माझ्या डोळ्यांसमोर असतात. आमच्या शहरातल्या मानसिक आरोग्य जागृती समितीचे अध्यक्ष. समितीची सभा पंधराच दिवसांवर होती. वर्तमानपत्राच्या आडून त्यांनी मला पाहिलं आणि पान उलटलं. त्यांच्या शेजारी त्यांची बायको बसली होती, शालिनीताई. चेहरा ओढलेला, हात सारखा पदराच्या टोकाशी. बाकी सगळे बाक जवळजवळ भरलेले होते. एका बाईंनी फुलवंतीला पाहून आपली पिशवी मांडीवरून काढून शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली. शालिनीताईंनी मात्र आपली पर्स उचलली आणि सरकून जागा केली. "बस ना वं. उभी काहून?" एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी पर्समधून फुटाण्याची पुडी काढून तिच्यापुढं धरली. कित्येक दिवसांनी त्या पोरीनं कुणाच्या हातचं काही तोंडात घातलं.

आत डॉक्टर माझ्याशी बोलले. "हिला मराठी समजतं का?" असं मला विचारलं. फुलवंती म्हणाली, "समजते सर. बोलते बी." मग त्यांनी घरी काही ताण आहे का, लग्नाचं काही, शेतीचं काही, असं विचारलं. कॉलेजबद्दल विचारलं नाही. माणूस वाईट नव्हता. गोळ्या बरोबर दिल्या आणि त्या लागू पडल्या, हे मी मुद्दाम सांगते, कारण गोळ्यांना नावं ठेवणारे शहाणेही आपल्याकडं कमी नाहीत. तिला झोप यायला लागली, दोन घास जायला लागले. पण आठवडाभरानं ती मला म्हणाली, "काकू, गोळीनं झोप येते. पण सकाळी उठून जायचं त्याच वर्गात."

त्याच आठवड्यात समितीच्या दोन कार्यकर्त्या माझ्या घरी आल्या. यंदाची सभा 'सर्वसमावेशक' करायची आहे म्हणाल्या. वंचित समाजघटकांना बोलतं करायचं आहे. "तुमच्याकडं ती मेळघाटची मुलगी आहे ना? तिला पाठवा. पाहुण्यांच्या स्वागताला त्यांचा तो नाच ठेवू. आणि मग दोन शब्द बोलेल."

मी तोंड उघडणार, एवढ्यात जिन्यावरून फुलवंती म्हणाली, "नाच नाई करत. बोलते."

त्या दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. "बरं, बोल की. छानच."

तीन दिवस ती काय बोलायचं याचा विचार करत होती. तिच्या अंगात जरा जीव आल्यासारखा दिसला, म्हणून मी खूश होते. ती म्हणाली, बॅग सभेनंतर बघू. म्हणजे राहायचं की जायचं, हे तिनं त्या सभेवर टाकलं होतं, हे मला कळलं. आणि आपल्या सभा मी जन्मभर पाहिल्या आहेत.

सभागृहाच्या दारात गजूचा टेम्पो उभा होता, आणि झेंडूचा वास आतपर्यंत पसरलेला. दीपप्रज्वलन झालं. मेणबत्ती विझली, पुन्हा पेटवली. प्रतिमापूजन झालं. मग सत्कार. प्रमुख पाहुण्यांचा, अध्यक्षांचा, विशेष उपस्थितीचा, सभागृह देणाऱ्यांचा, आणि सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार. एकेक जाड हार, एकेक तोंड फुलांत बुडालेलं, एकेक फोटो. फुलवंतीला व्यासपीठावर शेवटच्या खुर्चीत बसवलं होतं. तिच्या हातात हारांचं तबक. पाहुण्यांना हार द्यायला तबक पुढं करायचं काम तिला लावून दिलं होतं, तेवढाच समावेश.

मग भाषणं. एका पाहुण्यांनी सांगितलं की ताण हा शहरी माणसाचा रोग आहे. "आपले आदिवासी बांधव पाहा! निसर्गाच्या कुशीत राहतात. त्यांना नैराश्य ठाऊकच नाही. आपण त्यांच्याकडून शिकलं पाहिजे." टाळ्या पडल्या. त्यांच्यापासून चार हातांवर फुलवंती तबक धरून बसली होती, त्या दिवशीची गोळी माझ्या पर्समध्ये होती, आणि हा गृहस्थ तिच्याकडं हात करून लोकांना हसरं कसं राहावं ते शिकवत होता. खुर्चीचा हात मी इतका घट्ट धरला की शेजारची म्हणाली, काय झालं हो? अध्यक्ष उठले. मन मोकळं करा म्हणाले. लाज बाळगू नका, मनाचं दुखणं लपवण्यासारखं नाही. मी त्यांचे बूट बघत होते. शालिनीताई पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या.

शेवटी सूत्रसंचालक म्हणाले, "वेळेअभावी श्रोत्यांचे प्रश्न आणि मनोगतं आपण घेऊ शकत नाही. मात्र आपली भगिनी फुलवंती आता आभारप्रदर्शन करेल."

तीन दिवस जिनं आपलं बोलणं मनात जुळवलं, तिच्या हाती आभार आले. पाहुण्यांच्या नावांचा कागद तिला दिला. ती माइकपाशी गेली. कागद तिनं घडी करून तबकात ठेवला.

"मले आभार मानाले सांगतलं," ती म्हणाली, "तर मानते. ज्या घरी खोली दाखवली अन् आडनाव ऐकून कुलूप लावलं, त्यायचे आभार. ज्या मॅडमनं मले उभं करून सगळ्यायले कुपोषण दाखवलं, त्यायचे आभार. डब्यात वाकून पाह्यणाऱ्या पोरींचे आभार. माह्या रंगाले नावं ठेवून मंग नाच म्हणणाऱ्यायचे आभार. साहेब म्हणे, आमच्या लोकायले हे दुखणं होत नाई. मले झालं. गावात असतानी नाई झालं, इथं येऊन झालं. मी अकोल्याच्या डॉक्टरची गोळी घेते. मले झोप येते, पण—"

अध्यक्षांनी साउंडवाल्याकडं पाहून बोट वर केलं. आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

राष्ट्रगीत! त्यावर कोण काय बोलणार? सगळे ताड्कन उभे. फुलवंतीही उभी, ताठ, आणि ती म्हणत होती, शब्द न चुकता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते देशभक्तीचं नव्हतं. एका पोरीचं तोंड बंद करायला ज्यांना दुसरं काही सापडलं नाही, त्यांचा मी आजही धिक्कार करते.

गाणं संपलं. माइक बंद झाला. लोक नाश्त्याच्या पुड्यांकडं वळले. फुलवंती जागची हलली नाही. बंद माइकसमोर ती उभीच, आणि तिनं तिथूनच, नुसत्या आवाजात, वाक्य पुरं केलं. "पण सकाळी उठून जायचं त्याच वर्गात." पहिल्या दोन-तीन रांगांनाच ते ऐकू गेलं असेल.

शालिनीताई उठल्या. पायऱ्या चढून व्यासपीठावर गेल्या आणि खुर्चीवर न बसता, फुलवंतीच्या पायाशी, व्यासपीठाच्या कडेवर बसल्या. पडलेल्या हारातलं एक फूल उचलून त्या हातात फिरवत राहिल्या. मग कुणाच्याही तोंडाकडं न बघता म्हणाल्या, "मीबी अकोल्याले जाते. लय वर्षं झाले."

अध्यक्ष सत्काराचा नारळ हातात धरून उभे होते. एका क्षणात त्यांचं वय वाढल्यासारखं वाटलं. त्यांची मला कीव आली, खोटं कशाला सांगू. पण राग त्याहून जास्त होता. शालिनीताईंच्या शेजारी कापड दुकानवाल्यांची सून येऊन बसली. मग मागच्या रांगेतून एक बुरख्यातली मुलगी, जी दार उघडून निघालीच होती. मग मी. बाकी सभा समोसे खात होती.

फुलवंतीनं आपली बॅग त्या आठवड्यात स्वतः रिकामी केली. वर्ग बदलला का? नाही. मॅडमनी तिला उभं करणं तेवढं थांबवलं, तेही भीतीनं. पण रविवारी निंबाखालचा बारदाना मोठा अंथरावा लागायला लागला. शालिनीताई यायच्या, ती बुरख्यातली मुलगी, रेश्मा, यायची, आणखी कोण कोण. झेंडू संपला की शेवंती, शेवंती संपली की तूर सोलायला. कुणी दिवा लावला नाही, कुणी कुणाला हार घातला नाही. दुसऱ्या वर्षी समितीला याचा पत्ता लागला आणि त्यांनी या 'उपक्रमाचं उद्घाटन' करू का असं विचारलं. गजूच्या बायकोनं त्यांना धुऱ्यावरूनच परत पाठवलं.

फुलवंती पास झाली. आता मेळघाटात एका आरोग्य केंद्रात आहे. अधूनमधून एखाद्या बाईला घेऊन अमरावतीला येते, अकोल्याला नाही, इथंच, भर चौकातल्या दवाखान्यात, आणि मला आधी फोन करून सांगते की काकू, वांग्याची भाजी करा.

काल गजूच्या फोनमागोमाग तिचा फोन आला. यंदाच्या सभेत समितीनं तिचा सत्कार ठेवला आहे, 'प्रेरणादायी आदिवासी परिचारिका' म्हणून. आणि कार्यक्रमातून आभारप्रदर्शन यंदा वगळलं आहे, वेळेअभावी. हे सांगताना ती हसत होती. मी मात्र हातातलं भांडं आपटलं.

"जाऊ नको," मी म्हटलं.

"काहून नाई जाऊ? जाते. हार घालाले माइकजवळच बोलावते ना? तिथंच उभी राहीन. शालिनीताई येऊन राहिल्या, रेश्मा येऊन राहिली. रेश्मा म्हणे, यंदा मीबी बोलते." मग म्हणाली, "काकू, गजूमामाले एक सांगा. माहा हार पातळ कराले लावा. लय जाड असला का तोंड झाकते."

मी लगेच गजूला फोन लावला. तो आधी कुरकुरला, आपल्या हाताचा असा मरतुकडा हार गेला तर बाजारात काय अब्रू राहील म्हणाला. मग मी त्याला सगळं समजावून सांगितलं. पलीकडं त्यानं बारदाना झटकला.

"ताई," तो म्हणाला, "तिचा पातळ करतो. अन् दोन अजून पातळ करून ठेवतो. त्या दोघींयसाठी."